एफवायची मुलं एसवायला का दिसत नाहीत? कॉलेजच्याच नोंदींमधून गळती शोधायची आणि थांबवायची पद्धत

प्रथम वर्षाच्या गळतीचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: बारावीला पाया कच्चा राहिलेला असतो. मग उपायही ठरलेला, जादा तास. जादा तासांना यायची ती मुलं येतात, गळायची ती गळतात आणि वर्षअखेर आकडा तिथेच राहतो. कारण कोण, कुठल्या आठवड्यात, कशामुळे गेलं हे कुणी मोजलेलंच नसतं. मोजायला लागणारी जवळजवळ सगळी माहिती कॉलेजच्या ऑफिसात आणि परीक्षा विभागात पडून असते. ती एका तक्त्यात आणायची, गळती नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि त्यातल्या एका जागी वर्षभर काम करायचं, असा हा प्रकल्प आहे. प्रथम वर्षाला दोनशे-अडीचशे मुलं असलेल्या कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजला तो दोन प्राध्यापक, ऑफिसातला एक माणूस आणि एक्सेल एवढ्यावर जमतो.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी ही पद्धत गेल्या वीसेक वर्षांत वापरून वापरून पक्की केली. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, कमी फी, प्रवेश जवळजवळ सगळ्यांना आणि नोकरी सांभाळून शिकणारी मुलं, असं त्या कॉलेजांचं रूप आहे. आपल्या तालुक्याच्या कॉलेजाचं दुखणं त्यांच्याशी बरंच जुळतं. २००४ साली तिथे सुरू झालेल्या ‘अचिव्हिंग द ड्रीम’ या उपक्रमाचा भर मुलं कुठल्या टप्प्यावर सुटतात ते आपल्याच नोंदींत बघण्यावर होता. आपल्याकडे तेच आपल्या कागदपत्रांतून करायचं आहे.

प्रश्न एक ठेवा, भाजक आधी ठरवा

‘विद्यार्थ्यांची प्रगती’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा लिहा: जुलै २०२४ मध्ये प्रथम वर्षाला आलेल्यांपैकी किती जण पुढच्या वर्षी एसवायला, म्हणजे द्वितीय वर्षाला, बसले, आणि बाकीचे कोणत्या टप्प्यावर सुटले?

यात सगळ्यात जास्त घोळ भाजकाचा होतो. ‘आमचा निकाल ८५ टक्के’ म्हणताना भाजक असतो परीक्षेला बसलेल्यांचा. ऑगस्टमध्येच गेलेली मुलगी त्या हिशेबात कुठेच नसते, त्यामुळे जितकी जास्त मुलं परीक्षेआधी गळतील तितका निकाल चांगला दिसतो. उलट, प्रवेश घेऊन आठ दिवसांत आयटीआयला किंवा नर्सिंगला गेलेल्यांना गळतीत धरलं तर कॉलेजवर नसलेला दोष येतो. अमेरिकन कॉलेजांत यासाठी ‘सेन्सस डेट’ असते, म्हणजे पटसंख्या गोठवायचा दिवस. तसा एक दिवस ठरवून घ्या. वर्ग सुरू झाल्यापासून पंधराव्या दिवशी ज्यांचा प्रवेश कायम आहे ती तुकडी. त्याआधी दाखला काढून नेलेले वेगळे मोजा, पण यादीतून पुसू नका. ठरलेली व्याख्या कागदावर लिहून प्राचार्यांची सही घ्या. पुढच्या वर्षी नवा समन्वयक आला आणि त्याने दुसरा भाजक धरला, तर दोन वर्षांची तुलनाच होत नाही.

कागद कुठे सापडतील

प्रवेशाची यादी ऑफिसात, हेड क्लार्ककडे. हजेरीची मस्टरं विभागाविभागांत. अंतर्गत परीक्षेचे गुण आणि परीक्षा फॉर्म भरलेल्यांची यादी परीक्षा विभागात; निकालाचं लेजर विद्यापीठाच्या पोर्टलवर, बहुधा पीडीएफमध्ये. फी अकाउंटंटकडे, शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी हे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल बघणाऱ्या क्लार्ककडे. हे सगळं मागायला तोंडी निरोप पाठवला तर महिना जातो. प्राचार्यांचं एक पत्र काढा: कोणती यादी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकडे. शक्य असेल तर त्या क्लार्कलाच गटात घ्या. कोणत्या रकान्यात काय लिहायची पद्धत आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

मास्टर तक्ता: एक ओळ, एक विद्यार्थी

एक्सेलच्या फाइलमध्ये तीन पानं ठेवा. पहिल्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यावर साफ केलेला तक्ता. तिसऱ्यावर रकान्यांचा अर्थ. रकाने पंधरा-वीसच असू द्या: ओळख क्रमांक, शाखा, गाव, बारावीची शाखा आणि गुण, बारावी ते प्रवेश यातला खंड, पहिल्या तीन आठवड्यांची हजेरी, पहिल्या चाचणीला हजर की गैरहजर, दोन्ही सत्रांचे परीक्षा फॉर्म, प्रत्येक पेपरचा निकाल, फी बाकी, शिष्यवृत्तीची स्थिती, एसवायचा प्रवेश.

खोळंबा नेहमी याच जागांवर होतो:

पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक. काही विद्यापीठांचा पीआरएन १६ अंकी असतो आणि एक्सेल आकडा म्हणून १५ अंकच अचूक धरतं. सोळावा अंक गुपचूप शून्य होतो. मग एकाच वर्गातल्या दहा मुलांचा पीआरएन सारखा दिसायला लागतो. म्हणून तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच आकडे चिकटवा. आधीच बिघडलेली फाइल रकाना बदलून दुरुस्त होत नाही, मूळ यादीकडेच जावं लागतं.

नाव. नावावरून दोन याद्या जोडू नका. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी; एकीकडे ‘गायत्री’ युनिकोडमध्ये, दुसरीकडे जुन्या मराठी फॉन्टमध्ये, जो एक्सेलला निरर्थक अक्षरं वाटतो; लग्न झालेल्या मुलीचं आडनाव मधल्या वर्षात बदललेलं. जोडणी पीआरएनवरच करा. तो मिळायच्या आधीच्या याद्यांसाठी प्रवेश अर्जाचा क्रमांक वापरा. दोन याद्या जोडणारं एक्सेलचं सूत्र, व्हीलुकअप, चालत नसेल तर बहुतेक वेळा शेवटी एक रिकामी जागा चिकटलेली असते, ती काढणारं ट्रिम लावा.

रिकामा रकाना. रिकामं, शून्य आणि गैरहजर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गैरहजर मुलाला शून्य गुण दिले की वर्गाची सरासरी पडते आणि विषय अवघड वाटतो, खरं तर मुलं पेपरला आलेलीच नसतात. गैरहजरला ‘गै’, माहिती नसेल तिथे ‘मा.ना.’ असं लिहायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

हजेरी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर अशा टोपल्यांमुळे एकाच वर्गातल्या दोन मुलांचं वेळापत्रक सारखं राहिलेलं नाही. सगळ्या विषयांची हजेरी जमवायच्या फंदात पडू नका. मेजरचे दोन पेपर आणि भाषेचा एक, एवढी पुरते. वापरण्याआधी ती खरी आहे का तेही तपासा. सगळ्यांची ७६ ते ७८ टक्क्यांत, सुट्टीच्या दिवशीही ‘हजर’, तीन महिने एकाच पेनाची शाई, ही महिनाअखेर एकदम भरलेल्या मस्टरची लक्षणं. असं मस्टर बाजूला ठेवा. तिथे चाचणीची उपस्थिती हाच भरवशाचा पुरावा.

टप्प्यांची शिडी

आता एक्सेलमधलं काउंटइफ्स हे मोजणीचं सूत्र वापरून प्रत्येक टप्प्यावर किती जण उरले ते मोजा. समजा, तुमचे आकडे असे आले:

पटावर २४०
पहिल्या तीन आठवड्यांत एकदा तरी वर्गात दिसलेले २१९
पहिली चाचणी दिलेले २०४
पहिल्या सत्राचा परीक्षा फॉर्म भरलेले १९८
प्रत्यक्ष परीक्षेला बसलेले १८७
दुसऱ्या सत्राचा फॉर्म भरलेले १८३
एसवायला प्रवेश घेतलेले १५८

एकूण ८२ गेले. शिडी नीट बघा. २१ जण वर्गात आलेच नाहीत. २५ जण दुसऱ्या सत्राचा फॉर्म भरून, म्हणजे जवळजवळ वर्ष पूर्ण करून, जून-जुलैत परतले नाहीत. हे ४६ झाले, निम्म्याहून जास्त, आणि यातल्या एकालाही जादा तासाचा उपयोग झाला नसता. ११ जणांनी फॉर्म भरून, पैसे भरून पेपर दिला नाही. त्यांच्या पेपरच्या तारखा आणि गावं शेजारी मांडून बघा. मराठवाड्यात आणि अहिल्यानगरच्या काही भागांत पहिल्या सत्राची परीक्षा ऊसतोडीच्या हंगामात येते. आईवडलांबरोबर कोयत्यावर गेलेला मुलगा ‘अभ्यास नाही म्हणून बसला नाही’ या खात्यात जमा होत असेल, तर तो हिशेब चुकीचा आहे.

काही मुलं एखादा टप्पा गाळून पुढे दिसतात, चाचणी दिली नाही पण फॉर्म भरला, अशी. म्हणून प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र हो-नाही रकाना ठेवा आणि मूल ज्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचलं तो वेगळ्या रकान्यात लिहा. शिडी त्या शेवटच्या रकान्यावरून मोजायची. मागच्या दोन-तीन तुकड्यांची शिडीही काढा. एका वर्षाच्या आकड्यावर कधीही निर्णय घेऊ नका.

आकडा फोडून बघा

एक्सेलच्या पिव्होट टेबलवर, म्हणजे गटागटाने मोजून देणाऱ्या तक्त्यावर, शाखा, गाव, मुलगा-मुलगी, बारावीनंतरचा खंड असे तुकडे पाडा. गटात दहापेक्षा कमी मुलं असतील तर टक्केवारी काढू नका. चारपैकी दोन गेले तर ‘५० टक्के गळती’ असं म्हणणं दिशाभूल करतं.

दोन ठिकाणी मात्र वेळ घालवा. पहिलं, पेपरनिहाय निकाल. परीक्षेला बसलेल्या १८७ पैकी समजा ९६ सगळ्या विषयांत पास, ९१ जणांना एटीकेटी, म्हणजे एक किंवा जास्त विषय राहिलेले. या ९१ मध्ये फक्त एकाच पेपरात अडकलेले किती, ते मोजा. समजा ३४, आणि त्यातले २२ वाणिज्यच्या एकाच पेपरात. बाकी सगळं सुटलेली मुलं एकाच जागी अडकत असतील, तर दोष मुलांपेक्षा त्या पेपरच्या मांडणीत, शिकवण्याच्या क्रमात किंवा कला-विज्ञानाकडून आलेल्यांना गृहीत धरलेल्या पूर्वतयारीत असण्याची शक्यता जास्त. त्या २२ जणांची बारावीची शाखा शेजारी लावून बघा, बहुधा तिथेच उलगडा होतो.

दुसरं, गाव आणि तासिका. एका गावची मुलं पहिल्या तासाला नसतात आणि तिसऱ्याला असतात, हे मस्टरवर उभं दिसतं. कारण एसटी. गाडी स्टँडला पोचते तेव्हा पहिला तास संपलेला असतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: अहिल्याबाई होळकर योजनेतला ग्रामीण मुलींचा मोफत एसटी पास बारावीपर्यंतचा आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तीच मुलगी, त्याच गाडीने, सवलतीचा का होईना पण पैसे देऊन पास काढते. घरात तीन भावंडं शिकत असली की हा खर्च आधी छाटला जातो. आगारप्रमुखांना गाडीची वेळ बदलायची विनंती करताना ‘आमच्या अमुक गावच्या १७ विद्यार्थ्यांचा पहिला तास रोज बुडतो’ असं यादीसह लिहिलं तर पत्राला वजन येतं. गाडी बदलत नसेल तर मेजरचा पेपर पहिल्या तासातून हलवा. तेवढं तर आपल्या हातात आहे.

गेलेल्यांना फोन करा

कुठे सुटले ते तक्ता सांगतो, कशामुळे ते विचारावं लागतं. मोठ्या दोन गटांतून वीस-पंचवीस नावं काढा आणि संध्याकाळी सात-साडेसातला फोन करा. मुलींना बाईंनीच करावा, आणि फोन वडलांनी उचलला तर ‘कॉलेजातून बोलतेय, पुढच्या वर्षाच्या प्रवेशाबद्दल माहिती द्यायची होती’ अशी सरळ सुरुवात करावी. ‘कॉलेज का सोडलंस?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘असंच.’ त्याऐवजी ‘शेवटचं कॉलेजला आलीस तेव्हा काय चाललं होतं?’ असं विचारा आणि ऐका.

यादीतले बरेच नंबर लागणारच नाहीत. प्रवेश अर्ज नेट कॅफेत भरलेला असतो, मोबाईल आणि ईमेल कॅफेवाल्याचाच टाकलेला असतो. म्हणून पुढच्या तुकडीसाठी पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून प्रत्येकाचा नंबर तिथल्या तिथे मिस्ड कॉल घेऊन तपासा, शिवाय घरातला एक दुसरा नंबर घ्या. सबंध प्रकल्पात एवढ्या कमी कष्टात एवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

उत्तरांना क्रमांक द्या, नाहीतर ती मोजता येत नाहीत: १ प्रवास, २ पैसे किंवा शिष्यवृत्ती, ३ शेती किंवा मजुरी, ४ घर, लग्न, आजार, ५ विषय समजत नाही, ६ दुसरीकडे प्रवेश, ७ भरतीची अकॅडमी, ८ फोन लागत नाही. सातवा ठेवाच. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं पटावर कॉलेजात आणि दिवसभर मैदानावर असतात. त्यांना हजेरीची धमकी देऊन काही होत नाही. परीक्षा फॉर्मची आणि चाचणीची तारीख पोचली तर ती पदवी पूर्ण करू शकतात.

इशारा यादी: दर सोमवारी, पेलेल एवढीच

नवी तुकडी आली की यादी आपोआप निघेल असा साधा नियम बसवा. तीनपैकी दोन खुणा असतील तर नाव यादीत: पहिल्या तीन आठवड्यांत हजेरी ५० टक्क्यांखाली, पहिल्या चाचणीला गैरहजर, फी बाकी किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज अपूर्ण. चाचणी चौथ्या आठवड्याच्या पुढे ढकलू नका. सातव्या आठवड्यात मिळालेली खूण उशिराची असते. गुंतागुंतीच्या संगणकी अंदाजाची इथे गरज नाही. नियम शिक्षकाला तोंडपाठ असला की त्याचा त्यावर विश्वास बसतो.

२४० मुलांना दहा मेंटॉर, म्हणजे ठरावीक मुलांकडे लक्ष ठेवणारे शिक्षक; एकाकडे २४ मुलं. एका मेंटॉरला आठवड्याला पाचपेक्षा जास्त फोन देऊ नका. ऐंशी नावांची यादी हातात पडली की एकही फोन होत नाही, हे पक्कं समजा. नावं जास्त निघाली तर तिन्ही खुणा असलेली आधी घ्या. सोमवारी यादी, बुधवारपर्यंत फोन, शुक्रवारी वीस मिनिटांची बैठक. बैठकीत फक्त तीन प्रश्न: किती फोन लागले, कोणतं कारण जास्त आलं, आणि ऑफिसने काय सोडवायचं आहे.

मेंटॉर म्हणून तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना नेमलं तर दुसऱ्या सत्रात ते असतीलच असं नाही, आणि त्यांच्याबरोबर मुलांशी जुळलेला धागाही जातो. त्यांच्या जोडीला एक कायम शिक्षक द्या आणि फोनची नोंद तक्त्यातच ठेवा, कुणाच्या डायरीत नको.

सगळ्या शिक्षकांना एक गोष्ट लेखी द्या: हजेरी आणि निकालाचे हे आकडे त्यांच्या बढतीच्या मूल्यमापनात वापरले जाणार नाहीत. ही खात्री नसेल तर दुसऱ्या महिन्यापासून मस्टरं सुंदर दिसायला लागतात.

माहितीची राखण

यादी नोटीस बोर्डावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच टाकू नका. ‘कमकुवत विद्यार्थी’ म्हणून नाव झळकलेला मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही. फाइलला पासवर्ड, पूर्ण फाइल तिघांकडेच, मेंटॉरला त्याच्या २४ ओळी. जातीचा रकाना शिष्यवृत्तीच्या कामापुरता; इशाऱ्याच्या नियमात तो घालू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा मुद्दा येतो. एफवायला आलेल्या बऱ्याच मुलांना जुलैत अठरा पूर्ण झालेली नसतात, म्हणून प्रवेशाच्या वेळीच माहिती कशासाठी वापरणार हे मराठीत लिहून पालकांची सही घ्या.

उपाय लागू पडला का

फोन केलेल्या मुलांची तुलना न केलेल्यांशी करू नका. फोन मुळात अडचणीतल्यांनाच गेलेले असतात, त्यामुळे फोनमुळे गळती वाढली असं उलटं दिसेल. यंदाच्या संपूर्ण तुकडीची शिडी मागच्या तीन तुकड्यांशेजारी ठेवा आणि ज्या टप्प्यावर काम केलं तोच टप्पा बघा.

पुरावा याहून पक्का कसा मिळतो, याचं न्यूयॉर्कमधलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी, फीतली तूट भरून देणं, पुस्तकांना मदत आणि शहरातल्या बस-मेट्रोचा पास, असं सगळं एकत्र. एमडीआरसी या संशोधन संस्थेने विद्यार्थ्यांची सोडत काढून दोन गट पाडले. तीन वर्षांत पदवी घेतलेले कार्यक्रमातल्या गटात ४० टक्के, बाहेरच्या गटात २२ टक्के निघाले. नुसत्या सल्ल्यावर भागवलं नव्हतं, प्रवासाचा पासही दिला होता, हे लक्षात ठेवा.

मे महिन्यातलं काम

वरच्या उदाहरणात सगळ्यात मोठी गळती दुसऱ्या सत्रानंतरची आहे. ती अडवायची जागा परीक्षा हॉलचं दार आहे. शेवटच्या पेपरच्या दिवशी बाहेर दोन टेबलं मांडा. पहिल्यावर एसवायचा तात्पुरता अर्ज आणि फोन नंबरची खात्री. दुसऱ्यावर शिष्यवृत्ती: आधार बँक खात्याला जोडलंय का, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कधी संपते, अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला मंजुरीसाठी पडून आहे का. हा शेवटचा प्रकार निघाला तर चूक आपली आहे, तो अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवा.

सोबत हातात द्यायला एक चिठ्ठी छापा. ‘विषय राहिला म्हणजे वर्ष गेलं’ या समजुतीने बरीच मुलं निकालानंतर घरीच थांबतात. एसवायला जायला किमान किती क्रेडिट्स, म्हणजे विषय सुटल्यावर मिळणारे श्रेयांक, सुटलेली लागतात हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. तुमच्या विद्यापीठाचा आकडा परिपत्रकातून बघून चिठ्ठीवर ठळक अक्षरात घाला. खाली प्रवेशाची तारीख, पहिल्या हप्त्याची रक्कम, हप्ते पाडून मिळतात का, आणि मेंटॉरचं नाव व नंबर. निकाल लागला की आठ दिवसांत, अर्ज न भरलेल्या प्रत्येकाला मेंटॉरचा एक फोन. त्या फोनवर आधी गुण विचारायचे नाहीत. ‘तुझी जागा धरून ठेवलीय, कागद कोणते राहिलेत ते बघू’ असं म्हणून सुरुवात करायची.